‘ग्लॅमर’ आला कुठून? एका स्कॉट्स शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘पगार बरा आहे, पण त्या कामाला ग्लॅमर नाही,’ असं आपण मराठीत सहज बोलतो आणि ऐकणारा कुठे अडखळत नाही. हा शब्द इंग्रजीतून आला हे सगळ्यांना ठाऊक असतं. इंग्रजीत तो स्कॉटलंडमधून आला आणि तिथे त्याचा अर्थ चेटूक असा होता, हे सांगितलं की मात्र प्रश्नांची रांग लागते. भाषांतराच्या कार्यशाळांमध्ये आणि मित्रमंडळींत मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींची आहेत. काहींना जास्त जागा लागली, कारण गोष्टच तशी आहे.

‘ग्लॅमर’चा मूळ अर्थ नेमका काय?

पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर टाकलेली जादू. वस्तू आहे तशीच राहते, तिचं दिसणं तेवढं बदलतं. स्कॉट्स बोलीत ग्लॅमर ‘टाकतात’, जाळं टाकावं तसं, आणि तेही थेट डोळ्यांवर.

मराठीत यासाठी अगदी नेमका शब्द आहे: नजरबंदी. आमच्याकडच्या जत्रेत एक खेळवाला यायचा. मातीच्या ढिगात आंब्याची कोय पुरायचा, वर टोपली पालथी घालायचा, डमरू वाजवायचा आणि घटकाभराने टोपली उचलली की हातभर उंचीचं हिरवंगार रोप. आम्ही पोरं आ वासून बघत बसायचो. आजी माझं मनगट घट्ट धरून म्हणायची, ‘रोप-बीप काही नाही रे. नजरबंदी आहे. कोय तिथंच आहे.’ अठराव्या शतकातल्या स्कॉटलंडमधल्या एखाद्या आजीने हेच वाक्य म्हटलं असतं, तर ‘नजरबंदी’च्या जागी ‘ग्लॅमर’ म्हटलं असतं.

हा शब्द ‘ग्रॅमर’पासून निघाला, हे खरं आहे का?

हो. कोशकारांची बहुतांश मतं याच बाजूची आहेत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही पटलं नव्हतं. व्याकरणाइतकी रुक्ष गोष्ट आणि जादू यांचा काय संबंध?

संबंध समजायचा तर मध्ययुगीन युरोपातल्या एखाद्या गावात जाऊन उभं राहावं लागतं. ग्रीक भाषेत ‘ग्रामा’ म्हणजे अक्षर, आणि ‘ग्रामाटिके’ म्हणजे अक्षरांची विद्या. लॅटिनमध्ये ती ‘ग्रामाटिका’ झाली. मध्ययुगात या शब्दाचा अर्थ भाषेचे नियम एवढाच नव्हता. ग्रामाटिका म्हणजे लॅटिन, आणि लॅटिन म्हणजे एकूण पुस्तकी विद्या: धर्मशास्त्र, वैद्यक, ज्योतिष, सगळंच. ही विद्या मूठभर लोकांच्या हातात. बाकीचं गाव निरक्षर. एक माणूस जाडजूड पोथी उघडतो, काळ्या खुणांकडे बघत परक्या भाषेत काही पुटपुटतो, आणि त्यानंतर मूल बाप्तिस्मा पावतं, मेलेला माणूस मार्गी लागतो, औषध ठरतं, ग्रहण कधी लागणार ते कळतं. शेजारच्या इंग्लंडात तर लॅटिन स्तोत्राची एक ओळ वाचून दाखवता आली म्हणून माणूस फाशीच्या दोरातून सुटू शकत असे. अक्षर ओळखणं हे शब्दशः जीव वाचवणारं सामर्थ्य होतं. ज्याला एवढं येतं, त्याला आणखीही काहीतरी येत असणार, असं गावाला वाटलं तर गावाचं काय चुकलं?

म्हणून जुन्या फ्रेंचमधल्या ‘ग्रामेर’ या शब्दाला दोन फांद्या फुटल्या. एक शाळेत गेली. दुसरी मंत्रतंत्रात गेली आणि तिथून फ्रेंचमध्ये ‘ग्रिम्वार’ म्हणजे जादूची पोथी हा शब्द तयार झाला. इंग्रजीत याच दुसऱ्या फांदीवर ‘ग्रामरी’ असा शब्द होता, अर्थ गूढविद्या. थॉमस पर्सी यांनी १७६५ साली छापलेल्या जुन्या पोवाड्यांच्या संग्रहात ‘किंग एस्टमियर’ नावाचं गीत आहे. त्यातला एकजण सांगतो की माझी आई पश्चिमेकडची, ग्रामरी जाणणारी. मी शाळेत शिकत होतो तेव्हा तिने मलाही त्यातलं थोडं शिकवलं. शाळा आणि मंत्र एकाच दमात!

आपल्याला हे फार परकं वाटायला नको. भूत उतरवणाऱ्याला मराठीत काय म्हणतात? पंचाक्षरी. पाच अक्षरांचा मंत्र येतो तो पंचाक्षरी. तिथेही सत्ता अक्षराचीच.

पण ‘ग्रॅमर’मधल्या ‘र’चा ‘ल’ कसा झाला?

संस्कृत शिकलेल्यांनी ‘रलयोरभेदः’ हे वचन ऐकलेलं असतं: र आणि ल यांत भेद मानू नये. हरिद्रेची हळद झाली, चत्वारिंशत्‌चे चाळीस झाले, तिथेही र सरकत सरकत ल-ळ पर्यंत आला. युरोपातही हेच घडत आलं आहे. ‘ग्रॅमर’मध्ये दोन र आहेत. एकाच शब्दात एकच ध्वनी दोनदा आला की जीभ त्यातला एक बदलून टाकते. लॅटिनमधल्या ‘पेरेग्रिनुस’चा इंग्रजीत ‘पिल्ग्रिम’ झाला तो असाच.

देवनागरीत हे फार सुंदर दिसतं. फळ्यावर ‘ग्रॅमर’ लिहा, ‘ग्र’च्या पायातली तिरकी रेघ पुसा, शेजारी अर्धा ग करून ल जोडा. झालं ‘ग्लॅमर’. रोमन लिपीत दोन्ही शब्दांची स्पेलिंगं इतकी वेगळी आहेत की हे नातं पटकन ध्यानात येत नाही.

वेगळी व्युत्पत्ती कोणी सुचवलेली नाही का?

सुचवलेली आहे, आणि ती मोहात पाडणारी आहे. आइसलंडच्या ‘ग्रेटिस सागा’त ग्लाम नावाचं एक भूत येतं. कथेचा नायक ग्रेटिर त्याला मारतो, पण मरता मरता ग्लामचे चंद्रप्रकाशात चमकणारे डोळे त्याला दिसतात आणि त्यानंतर हा शूर माणूस जन्मभर अंधाराला घाबरतो. सागाकार सांगतो की ज्यांना गोष्टी आहेत त्याहून वेगळ्या दिसतात, त्यांना ग्लामने डोळे उसने दिले असं तेव्हापासून म्हणतात. अशा भ्रमाला शब्द आहे ‘ग्लामसिनी’, ग्लामची दृष्टी. स्कॉटलंडच्या उत्तर बेटांवर कित्येक शतकं नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांची वस्ती होती, त्यामुळे हा शब्द तिकडून आला असेल असं काहींना वाटलं.

अर्थ जुळतो, ध्वनीही बराच जुळतो. तरी मी ‘ग्रॅमर’च्याच बाजूने आहे. एक तर ‘ग्रामरी’ हा गूढविद्येचा शब्द आधीपासून हाताशी होता. दुसरं कारण स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या एका यमकात आहे, ते पुढे येईलच.

स्कॉट्स ही बोली आहे की भाषा?

अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्यांना या प्रश्नाची धार वेगळी समजावून सांगायला नको. स्कॉट्स आणि आजची इंग्रजी या जुन्या इंग्रजीच्या दोन लेकी. स्कॉट्सचं मूळ उत्तरेकडच्या, नॉर्थंब्रियाच्या बोलीत. पंधराव्या-सोळाव्या शतकांत ती राजदरबाराची, कायद्याची आणि काव्याची भाषा होती. पुढे १६०३ मध्ये राजा लंडनला गेला, १७०७ मध्ये एडिंबराची संसद विसर्जित झाली आणि शिकलेल्या घरांत स्कॉट्स बोलणं गावंढळ ठरू लागलं. २०११ च्या जनगणनेत स्कॉटलंडमधल्या सुमारे १५ लाख लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येतं असं नोंदवलं. गेलिक ही तिथली दुसरी भाषा, ती सेल्टिक कुळातली. ग्लॅमरशी तिचा संबंध नाही.

हा शब्द छापील साहित्यात पहिल्यांदा कुठे भेटतो?

१७२० साली, ॲलन रॅम्झी या कवीकडे. आणि गंमत म्हणजे तो चेटकिणीच्या कथेत नाही, शेअर बाजाराच्या कवितेत भेटतो.

रॅम्झी लेडहिल्सचा, शिशाच्या खाणींच्या गावचा. एडिंबरात येऊन तो केसांचे टोप बनवायचा धंदा करत होता, मग पुस्तकविक्रेता झाला आणि पुढे पुस्तकं भाड्याने वाचायला देणारं वाचनालयही त्याने चालवलं. लंडनी इंग्रजीचं वजन वाढत असताना हा माणूस हट्टाने स्कॉट्समध्ये लिहीत राहिला. १७२० मध्ये साउथ सी कंपनीचे शेअर आभाळाला भिडले आणि काही महिन्यांत जमिनीवर आपटले. कित्येक घरं बुडाली. त्यावर रॅम्झीने ‘शेअरांचा चढ आणि उतार’ अशा अर्थाच्या शीर्षकाची पद्यपत्रिका लिहिली. तीत एक दृष्टांत आहे: सैतान चेटकिणीला पकडतो तसं हे झालं. तिला श्रीमंत व्हायचंय म्हणून ती आत्मा विकायला तयार आहे, हे आमिष तिला पुरेसं आहे हे तो ओळखतो, आणि तिच्या डोळ्यांवर आपलं फसवं ग्लॅमर टाकतो.

लोभी माणसाच्या डोळ्यांवरची नजरबंदी! तीनशे वर्षांनंतरही बाजाराच्या संदर्भात याहून नेमकी प्रतिमा मला सुचत नाही. मूळ ओळींत ‘ग्लॅमर’चं यमक ‘डॅम हर’शी जुळवलं आहे, त्यामुळे तेव्हाचा उच्चार आपल्या आजच्या मराठी उच्चाराच्या अगदी जवळचा होता हेही कळतं.

पुढच्याच वर्षी, १७२१ मध्ये, रॅम्झीने आपल्या कवितांच्या संग्रहाला शब्दार्थसूची जोडली. तिच्यात तो सांगतो की सैतान, मांत्रिक किंवा खेळवाले दृष्टीला फसवतात तेव्हा त्यांनी पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर ग्लॅमर टाकलं असं म्हणतात. खेळवाले हे त्या यादीत आहेत, हे मला फार आवडतं. म्हणजे आमच्या जत्रेतला आंब्याच्या कोयीवालाही त्यात बसला.

जिप्सी लोकांचा आणि ग्लॅमरचा काय संबंध?

स्कॉटिश लोकसमजुतीत हा संबंध पक्का होता, आणि इथे गोष्ट थेट भारताशी येऊन मिळते.

‘जॉनी फा’ किंवा ‘जिप्सी लॅडी’ नावाचा एक पोवाडा स्कॉटलंडभर गायला जात असे. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांच्या पोवाड्यांच्या महासंग्रहात त्याचा क्रमांक २०० आहे. जिप्सी सरदाराच्या वाड्यासमोर येतात आणि इतकं गोड गातात की सरदाराची बायको दासींसह जिना उतरून खाली येते. तिचा देखणा चेहरा दिसताच ते तिच्यावर ग्लॅमर टाकतात. ती अंगावरचा रेशमी झगा उतरवून देते, साधं चौकड्यांचं कांबळं मागून घेते आणि त्यांच्याबरोबर निघून जाते. शेवटी नवरा गाठतो, आणि पंधरा धडधाकट पुरुषांना त्या एका बाईपायी मरावं लागतं.

लोकांनी ही बाई म्हणजे एअरशरमधल्या कॅसिलिसच्या सरदाराची पत्नी असं ठरवून टाकलं. ती १६४२ मध्ये वारली, आणि नवऱ्याने तेव्हा लिहिलेल्या पत्रात तिच्याविषयी जिव्हाळाच दिसतो. पळून गेल्याचा पुरावा नाही. तरी गाणं टिकलं.

पोवाड्यातला जॉनी फा मात्र नावापुरता तरी इतिहासात सापडतो. राजा पाचवा जेम्स याने १५४० मध्ये जॉन फा याला ‘छोट्या इजिप्तचा स्वामी’ म्हणून मान्यता दिली होती. हे लोक इजिप्तचे असा समज होता, ‘इजिप्शियन’वरूनच ‘जिप्सी’ झाला. पुढे वारं फिरलं. १६०९ च्या कायद्याने त्यांना देश सोडायला सांगितलं, मागे राहणं हाच गुन्हा ठरला, आणि फा घराण्यातले पुरुष फासावर गेले. ग्लॅमर टाकतात हा आरोप ज्यांच्यावर होता त्यांचं प्रत्यक्ष आयुष्य असं होतं. पोवाडा ऐकताना मी हे विसरू शकत नाही.

ते इजिप्तचे नव्हतेच. त्यांची रोमानी भाषा आपल्या भाषांची बहीण आहे, त्यांचे पूर्वज भारतातून गेले. रोमानीत पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाख’, कानाला ‘कान’ म्हणतात. मोजायचं तर ‘दुय, त्रिन, श्तार, पांज’. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या सीमेवर कर्क येथम नावाचं गाव आहे, तिथे फा घराणं जिप्सींचे राजे म्हणवून घेत कित्येक पिढ्या राहिलं. स्कॉट्स लोकांनी ज्यांना नजरबंदीचे उस्ताद मानलं त्या माणसांच्या ओठांवर ‘पानी’ होतं, हे कळलं तेव्हा मला हा शब्द एकदम घरचा वाटू लागला.

रॉबर्ट बर्न्सने तो कसा वापरला?

एकदाच, पण असा की व्युत्पत्तीचा वाद मिटावा.

कॅप्टन फ्रान्सिस ग्रोस नावाचे एक स्थूल, खुशालचेंडू इंग्रज गृहस्थ जुन्या वास्तूंची चित्रं काढत स्कॉटलंडमध्ये हिंडत होते. बर्न्सशी त्यांची मैत्री जमली. १७८९ मध्ये बर्न्सने त्यांच्या भटकंतीवर कविता केली: सांभाळा रे बाबांनो, तुमच्यात एकजण टिपणं काढतो आहे आणि तो ती छापणार! पुढे पडक्या वाड्यांतल्या आणि देवळांतल्या भुताखेतांना तो बजावतो, की ग्लॅमरचा धंदा करणाऱ्या जिप्सींच्या टोळीने आणि नरकाचं काळं ग्रॅमर कोळून प्यालेल्या चेटक्या-चेटकिणींनी या माणसापासून जपून राहावं.

लागोपाठ दोन ओळींच्या शेवटी ‘ग्लॅमर’ आणि ‘ग्रॅमर’. बर्न्स काही भाषाशास्त्राचा निबंध लिहीत नव्हता. पण कवीच्या कानाने शतकांपूर्वी ताटातूट झालेल्या दोन भावंडांना शेजारी आणून बसवलं. जादूचं व्याकरण असतं, आणि ते घोकावं लागतं, ही जुनी समजूत त्या यमकात जिवंत आहे.

मग सर वॉल्टर स्कॉटचं नाव सगळ्यात जास्त का घेतलं जातं?

कारण सीमेपलीकडच्या इंग्रजी वाचकांपर्यंत हा शब्द त्याने पोचवला. १८०५ मध्ये त्याचं ‘द ले ऑफ द लास्ट मिन्स्ट्रेल’ हे कथाकाव्य आलं आणि धडाधड खपलं.

त्यातला तिसऱ्या सर्गातला प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. डेलोरेन नावाचा योद्धा मेलरोजच्या मठातल्या एका थडग्यातून मांत्रिकाची पोथी घेऊन येतो. वाटेत द्वंद्वात तो जखमी होऊन पडतो. प्रतिस्पर्ध्याचा एक खुजा, पिशाच्चासारखा हुजऱ्या त्याच्यापाशी येतो आणि त्याला ती पोथी सापडते. तिला लोखंडी पट्ट्या, लोखंडी कड्या. एक कडी उघडावी आणि दुसरीला हात लावावा, तर पहिली पुन्हा मिटते. बाप्तिस्मा न झालेल्या हाताला ती दाद देत नाही. शेवटी तो जखमी योद्ध्याचं साकळलेलं रक्त मलपृष्ठाला फासतो, पोथी क्षणभर उघडते, आणि त्याचा एक छोटा मंत्र वाचून होतो. दुसरा वाचणार तोच कोणीतरी अदृश्य हाताने अशी थोबाडीत मारतं की तो जखमी माणसाशेजारी आडवा.

तो वाचलेला एकच मंत्र ग्लॅमरचा असतो. स्कॉट सांगतो की त्याच्या बळावर बाई सरदारासारखी दिसेल, कोठडीच्या भिंतीवरची जळमटं राजमहालातल्या पडद्यांसारखी, करवंटीएवढं टरफल सोन्याच्या नावेसारखं, मेंढपाळाची खोपी राजवाड्यासारखी. तरुण म्हातारा दिसेल आणि म्हातारा तरुण. सारा भास, खरं काहीच नाही. मग तो हुजऱ्या त्या जखमी माणसाला उचलून पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत वाड्यात नेतो. पहारेकरी नंतर शपथेवर सांगतात की आमच्यासमोरून फक्त गवताची एक गाडी गेली.

गवताची गाडी! इतकी साधी, रोजची वस्तू. खरं ग्लॅमर डोळे दिपवतच असं नाही. कधी ते नको ती गोष्ट डोळ्यांआड करण्यासाठी असतं, आणि हा अर्थ आजच्या शब्दातून पार गळून गेला आहे.

स्कॉटने टीपही दिली की स्कॉटिश लोकसमजुतीत ग्लॅमर म्हणजे पाहणाऱ्याच्या दृष्टीवर अंमल बसवून वस्तूचं रूप खऱ्याहून अगदी वेगळं भासवण्याची शक्ती. १८३० साली भूतविद्येवर लिहिलेल्या पत्रांतही त्याने हा शब्द घेतला आणि ती जिप्सींची खास विद्या मानली जाई असं नोंदवलं.

त्या पोथीचा मांत्रिक खरा होता का?

होता, फक्त तो मांत्रिक नव्हता. मायकल स्कॉट हा बाराव्या-तेराव्या शतकातला स्कॉटलंडचा विद्वान. स्पेनमधल्या टोलेडोत राहून त्याने अरबी ग्रंथांचे लॅटिन अनुवाद केले. खगोलशास्त्रावरचा एक अनुवाद १२१७ मधला आहे. ॲरिस्टॉटलचे ग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये आणणाऱ्यांत तो होता. पुढे सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या दरबारी तो राजज्योतिषी झाला.

त्याच्या मृत्यूला शंभर वर्षंही झाली नव्हती तेव्हा इटालियन कवी दान्तेने त्याला आपल्या ‘इन्फर्नो’ (नरक) या काव्याच्या विसाव्या सर्गात नेऊन बसवलं: जादूच्या लबाड्यांचा खेळ ज्याला खरोखर येत होता तो. स्कॉटलंडमधल्या लोककथेने त्याला मेलरोजजवळच्या एल्डन डोंगराचे तीन तुकडे करायला लावले. एक अनुवादक! परक्या लिपीतली पुस्तकं वाचणारा माणूस लोकांच्या तोंडी मांत्रिक कसा होतो, म्हणजेच ग्रॅमरचं ग्लॅमर कसं होतं, हे त्या एका आयुष्यात दिसतं. मी स्वतः भाषांतर करते म्हणून असेल, पण या माणसाविषयी मला माया वाटते.

फसवणारी जादू ‘आकर्षक, झगमगीत’ या अर्थापर्यंत कशी आली?

हळूहळू. आधी जादू उरली पण सैतान गेला. इंग्रज कवी टेनिसनच्या १८५९ मधल्या आर्थर राजाच्या काव्यात फुलांपासून ग्लॅमरने घडवलेल्या एका युवतीचा उल्लेख आहे. तिथे शब्दाला भीतीचा वास नाही, नवलाईचा आहे. त्यानंतर जादूही गेली आणि मन ओढून घेणारी दूरची मोहिनी उरली: समुद्राचं ग्लॅमर, युद्धाचं ग्लॅमर, उलटून गेलेल्या तारुण्याचं ग्लॅमर. या टप्प्यावर फसगतीची छटा अजून पुसट का होईना होती. जवळ गेलं की विरणारं काहीतरी.

मग १९३० च्या दशकात हॉलिवूडने हा शब्द उचलला. ‘ग्लॅमर गर्ल’ आली. १९३९ मध्ये ‘ग्लॅमर ऑफ हॉलिवूड’ नावाचं मासिक निघालं, पुढे ते नुसतं ‘ग्लॅमर’ झालं. जॉर्ज हरेलसारखे छायाचित्रकार नट्यांची चित्रं काढताना चेहऱ्यावर वरून प्रखर झोत सोडत, बाकी सगळं काळोखात बुडवत आणि मग निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने हात फिरवून त्वचेवरची एकेक रेघ घालवत. पोथीशिवाय, मंत्राशिवाय केलेली ही नजरबंदीच. फरक इतकाच की आता लोकांना ती हवीहवीशी वाटत होती आणि तिचे पैसे मोजायची त्यांची तयारी होती. मराठीत आपल्याकडे शब्द पोचला तो सिनेमाबरोबर, या शेवटच्या अर्थाने.

अमेरिकन लोक ‘कलर’मधला यू गाळतात, ‘ग्लॅमर’मधला का ठेवतात?

कारण तो मुळात त्या कुटुंबातला नाही. ‘कलर’, ‘ऑनर’ हे लॅटिनमधल्या ‘-ऑर’ने संपणाऱ्या शब्दांवरून आलेले. ‘ग्लॅमर’ची शेपटी स्कॉट्स लिखाणातून तशीच आली आणि बहुतेक अमेरिकनांनी ती राहू दिली. यू नसलेलं रूपही तिथे अधूनमधून दिसतं. ‘ग्लॅमरस’ लिहिताना मात्र ब्रिटिशही यू गाळतात.

मराठीत ‘ग्लॅमर’साठी कोणता शब्द वापरावा?

आजच्या अर्थाने असेल तर ‘ग्लॅमर’च वापरा. तो आपला झाला आहे. वलय, झगमगाट, तोरा हे शब्द कधी कधी चालतात, पण प्रत्येकात काहीतरी कमी पडतं.

जुन्या स्कॉट्स मजकुराचं भाषांतर करत असाल तर मात्र कृपा करून ‘मोहकता’ किंवा ‘सौंदर्य’ लिहू नका. पोवाड्यातल्या जिप्सींनी त्या बाईवर सौंदर्य टाकलं नव्हतं. तिथे नजरबंदी हवी. डोळ्यांवर पडणाऱ्या जादूसाठी नजरबंदी, मनावर पडणाऱ्या जादूसाठी भुरळ किंवा मोहिनी, आणि मोठ्या थाटाच्या मायेसाठी इंद्रजाल.

एका शब्दावर माझा विशेष जीव आहे: गारूड. त्याची चाल ग्लॅमरसारखीच आहे. गारूड म्हणजे मुळात गरुडाचा मंत्र, सापाचं विष उतरवण्याची विद्या. ती जाणणारा तो गारुडी. विद्या मागे पडली, साप-मुंगसाचा खेळ करणारा गारुडी उरला, आणि आता आपण एखाद्या गायकाच्या आवाजाचं गारूड म्हणतो तेव्हा साप डोळ्यांसमोरही येत नाही. शिकण्याची विद्या, मग जादू, मग खेळ, मग नुसती ओढ. ‘ग्लॅमर’ या सगळ्या पायऱ्या तिकडे उतरला, ‘गारूड’ इकडे. १८०५ नंतरच्या इंग्रजी वाक्यांत मी बरेचदा गारूडच वापरते.

स्कॉटच्या या मुलखाचं मराठीशी काही खरं नातं आहे का?

एक आहे. मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते जॉन विल्सन मूळचे लॉडरचे, मेलरोजच्या त्याच सीमाभागातले. जन्म १८०४, म्हणजे स्कॉटचं ते काव्य प्रसिद्ध झालं तेव्हा ते तान्हे होते. १८२९ मध्ये ते मुंबईला आले, मराठी शिकले, आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीला मराठी भाषेच्या घडणीवरचं टिपण त्यांनी लिहिलं. ग्लॅमरच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलखात वाढलेला माणूस मराठी शब्दांची कुळं शोधत बसला होता.

बर्न्सचं ते यमक मराठीत आणता येतं का?

यावर मी बरेच दिवस घालवले. ‘मंतर’ आणि ‘तंतर’ घेऊन पाहिलं. यमक जुळलं पण व्याकरण हरवलं. ‘नजरबंदी’ला यमक शोधता शोधता ‘चंदी’ आणि ‘मंदी’पर्यंत गेले आणि कागद फाडला. शेवटी लक्षात आलं की मराठीत दोन्ही शब्द आपण रोज वापरतोच, शाळेतलं एक आणि सिनेमातलं एक. मग असं लिहिलं:

पाहणाऱ्याच्या डोळ्यांवरती टाकता ग्लॅमर,
घोकून बसलात नरकाचं काळं काळं ग्रॅमर

पहिल्या ओळीत ‘डोळ्यांवरती टाकता’ असं मुद्दाम घातलं, म्हणजे सिनेमा आपोआप बाजूला सरतो. कार्यशाळेत वाचून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, ‘म्हणजे नजरबंदी ना?’ मी त्यात पुढे काही बदललं नाही.